गिनीपिगचा पिंजरा : कोरडा तोच स्वच्छ

गिनीपिगच्या पिंजऱ्याला वास यायला लागला की बहुतेक घरांत हात आधी फिनाईलच्या बाटलीकडे जातो. तासाभरात वास झाकला जातो, पिंजरा धुतल्यासारखा दिसतो आणि दोन दिवसांत पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. असे होते, कारण आपण वास पुसतो. ज्या ओलाव्यातून तो निघतो तो ओलावा तसाच राहतो. हा पिंजरा निरोगी ठेवण्याची सगळी विद्या त्या ओलाव्याशी निगडित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या धानाच्या गावात ती अवघड नाही. तूस, सुके गवत आणि ऊन या तिन्ही गोष्टी इथे दाराशी आहेत. त्या कशा वापरायच्या आणि कुठे जपायचे, एवढेच समजून घ्यायचे आहे.

हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळवले आणि पेरूमध्ये आजही तो मांसासाठी घरोघरी पाळतात. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण पाऊण ते सव्वा किलो भरते. नीट सांभाळला तर तो पाच ते आठ वर्षे जगतो. जंगलातला ससा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो धरून घरी आणणे गुन्हा ठरतो. गिनीपिगला तशी अडचण नाही, म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या दुकानांतून मुलांच्या हट्टापायी तो घरी येतो. आणताना त्याच्या खाण्याची चौकशी होते, पण त्याच्या मुताची कोणी करत नाही. खरी मेहनत तर तिथेच आहे.

वास येतो कुठून?

गिनीपिग दिवसभर थोडे थोडे खातो आणि दिवसभर थोड्या थोड्या लेंड्या टाकतो. एका प्राण्याच्या शंभराहून अधिक लेंड्या रोज पडतात. त्या कोरड्या आणि घट्ट असतात, त्यांना वास जवळजवळ नसतो. झाडून काढल्या की काम झाले. काही मऊ लेंड्या तो थेट गुदाशी तोंड नेऊन पुन्हा खातो. त्यात आतड्यातल्या सूक्ष्मजीवांनी बनवलेली जीवनसत्त्वे असतात आणि त्याच्या पचनाला त्यांची गरज असते. हे पाहून घाबरू नये आणि त्याला अडवूही नये.

वासाचे मूळ आहे मुतात. किलोभर वजनाचा गिनीपिग दिवसाला सुमारे १०० मिलिलिटर पाणी पितो आणि हिरव्या चाऱ्यातून आणखी पाणी पोटात जाते. यातले बरेचसे लघवीवाटे अंथरुणात उतरते. ताज्या लघवीतला युरिया स्वतः उग्र वास देत नाही. अंथरुणातले जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू सुटतो. या जिवाणूंना ओलावा आणि ऊब मिळाली की त्यांचे काम झपाट्याने चालते. म्हणजे पिंजऱ्यातला अमोनिया कमी करायचा तर जिवाणूंचे पाणी तोडायचे. अत्तर, अगरबत्ती, सुगंधी फवारे यांचा इथे काही उपयोग नाही.

वासाचा अंदाज घेतानाही एक चूक होते. आपले नाक जमिनीपासून चार-पाच फुटांवर असते. गिनीपिगचे नाक अंथरुणापासून दोन बोटांवर असते आणि तो त्याच जागी चोवीस तास श्वास घेतो. खोलीत शिरताच आपल्याला वास जाणवला, तर त्याने किती वेळ सोसले असेल याचा विचार करा. अमोनियाने डोळ्यांची आणि श्वासनलिकेची आतली त्वचा सोलवटते आणि मग न्यूमोनियाच्या जिवाणूंना आत शिरायला वाट मिळते. यातला बोर्डेटेला नावाचा जिवाणू ससे आणि कुत्री यांच्या नाकात काही त्रास न देता राहू शकतो. म्हणून सशाबरोबर एकाच पिंजऱ्यात गिनीपिग ठेवू नये आणि कुत्र्याला कुरवाळल्यावर हात धुऊनच त्याच्याकडे जावे.

पांढरा थर आणि व्हिनेगर

पिंजऱ्याच्या तळाशी, विशेषतः कोपऱ्यांत, काही दिवसांनी पांढरट खडबडीत थर धरतो. साबणाने घासला तरी तो हटत नाही. माणसाच्या शरीरातले जादा कॅल्शियम मोठ्या प्रमाणात विष्ठेतून जाते. गिनीपिगचे मात्र बरेचसे लघवीतून बाहेर पडते. त्याची लघवी अल्कधर्मी आणि गढूळ असते. ती वाळली की कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी मागे उरते, म्हणजे जवळपास चुनखडीच. चुनखडीवर आम्ल टाकले की ती फसफसून विरघळते. म्हणून इथे साबण हरतो आणि व्हिनेगर जिंकते.

किराणा दुकानात मिळणारे साधे पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळावे, थरावर ओतावे, दहा-पंधरा मिनिटे थांबावे आणि ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. लिंबाच्या रसानेही हे काम होते, फक्त वेळ जास्त लागतो. एक धोका पक्का लक्षात ठेवावा : ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लघवीने भिजलेल्या जागेवर थेट ब्लीच ओतले तर अमोनियाशी संयोग होऊन क्लोरामाइनची विषारी वाफ तयार होते. बंद न्हाणीघरात हे माणसालाही बाधते. ब्लीचची गरज फक्त पिंजऱ्यात आजार झाल्यावर पडते. तेव्हाही आधी पिंजरा धुऊन कोरडा करावा, मग पातळ द्रावण वापरावे, पुन्हा स्वच्छ धुवावे आणि वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवावे. फिनाईल आणि डांबराच्या गोळ्या या प्राण्याच्या खोलीतसुद्धा नकोत.

तूस, तणीस आणि सागाचा भुसा

सिंदेवाही तालुका धानाचा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे भात संशोधनाचे केंद्र आणि कृषी विज्ञान केंद्र इथेच आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतात निवडून निवडून एचएमटी धानाचे वाण सिद्ध केले, ते याच मातीत. धान भरडताना त्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतके तूस निघते. त्यामुळे प्रत्येक राईस मिलच्या मागे त्याचे ढीग असतात. कोंबड्यांच्या शेडमध्ये ते अंथरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. गिनीपिगसाठीही ते चालते, पण त्याचे गुणदोष समजून घेऊन.

तुसात सिलिकाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे ते लवकर कुजत नाही, ओले झाले तरी त्याचा चिखल होत नाही आणि दाण्यादाण्यांमध्ये हवा खेळती राहते. मात्र पाणी शोषून घेण्यात ते कमी पडते. लघवी त्यातून झिरपून तळाशी जमते. दुसरा दोष त्याच्या टोकांचा. टोचरी टोके डोळ्यांत जातात आणि नराच्या गुप्तांगाच्या घडीत अडकून बसतात. त्याची धूळ श्वासात जाते ते वेगळेच. यावर उपाय थरांचा आहे. सर्वांत खाली वर्तमानपत्राचे पाच-सहा पदर, ते लघवी शोषतात. त्यावर चाळून धूळ काढलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या तुसाचा दीड-दोन इंचांचा थर. सर्वांत वर मऊ सुक्या गवताची जाडसर गादी. प्राणी गवतावर वावरतो, ओल कागदात उतरते आणि मधले तूस दोघांना वेगळे ठेवते.

तणीस आणि सुके गवत यांत गल्लत करू नये. धानाची तणीस अंथरायला बरी, पण खाद्य म्हणून ती निकृष्ट आहे. तिच्यात प्रथिने फार थोडी असतात. गिनीपिगला दिवसरात्र चघळायला चांगले वाळवलेले गवत लागते. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवताच्या चावण्यानेच ते झिजतात. सांदवाडीतली हरळी धुऊन, निथळून दिली तर त्याला फार आवडते. फवारणी झालेल्या बांधीतली तणीस किंवा बांधावरचे गवत मात्र आणू नये.

आणि सागाचा भुसा? चंद्रपूर-गडचिरोली हे सागाचे जिल्हे, आरागिरणीत भुसा फुकट मिळतो. पण सागाच्या धुळीने कारागिरांच्या त्वचेला खाज सुटते आणि श्वासाचा त्रास होतो हे माहीत असलेले सत्य आहे. त्यात दिवसरात्र नाक खुपसून राहणाऱ्या प्राण्यासाठी तो टाळावाच. कुठल्याही लाकडाची पिठासारखी बारीक भुकटी नकोच.

पिंजऱ्याच्या बांधणीबद्दलही दोन शब्द. दोन गिनीपिगांना किमान आठ चौरस फुटांची सपाट जागा हवी. जागा जितकी अपुरी तितकी ती लवकर ओली होते. म्हणजे मोठा पिंजरा साफ ठेवायला सोपा असतो, लहान नव्हे. तळ जाळीचा नको. जाळीवर उभे राहून पायांच्या तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात आणि सहज बऱ्या होत नाहीत. बुरुडाने विणलेल्या बांबूच्या भिंती छान दिसतात, हवाही खेळू देतात. पण बांबूचा किंवा लाकडाचा तळ लघवी पितो आणि तो वास मग कशानेच जात नाही. तळाला प्लास्टिकचा जाड ट्रे किंवा फरशी घालावी.

रोजचे आणि आठवड्याचे काम

गिनीपिग सहसा ठरावीक कोपऱ्यात, लपण्याच्या घराखाली आणि गवताच्या टोपलीशी जास्त मुततो. चार दिवस लक्ष ठेवले की त्या जागा कळतात. रोज सकाळी फक्त त्या जागांचे ओले अंथरूण उचलावे आणि कोरडे घालावे. उरलेली काकडी, कोथिंबीर, पालेभाजी काढून टाकावी. पाण्याची बाटली रिकामी करून ब्रशने धुवावी, कारण नळीत हिरवट बुळबुळीत थर धरतो. बाटली ठिबकत तर नाही ना, हे बोट लावून पाहावे. पिंजरा ओला राहण्याचे कारण पुष्कळदा लघवी नसून ठिबकणारी बाटली असते. एवढे करायला दहा मिनिटे पुरतात.

आठवड्यातून एकदा सगळे अंथरूण काढून पिंजरा धुवायचा. त्या वेळी प्राण्यांना गवत टाकलेल्या टोपलीत, सावलीत ठेवावे. लपायला एखादे खोके द्यावे, म्हणजे ते बावरत नाहीत. तळ खरवडावा, व्हिनेगर लावावे, घासावे, धुवावे आणि उन्हात खणखणीत वाळवावे. ओल्या तळावर नवे अंथरूण घातले तर सगळी मेहनत वाया जाते. नवे अंथरूण घालताना जुन्यातले मूठभर कोरडे, स्वच्छ गवत परत टाकावे. हे प्राणी आपली जागा वासावरून ओळखतात. सगळाच वास पुसला तर ते अस्वस्थ होतात आणि नर जागोजागी मुतून पुन्हा खूण करत सुटतात. म्हणून रोज पिंजरा धुऊन काढण्याचा अतिरेकही नको.

उन्हाळा, पावसाळा, हिवाळा

पुस्तकांतले वेळापत्रक थंड देशांसाठी लिहिलेले असते. इथल्या ऋतूंना ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. गिनीपिगला घाम येत नाही. २६-२७ अंशांपर्यंत तो सुखात असतो, तिशी ओलांडली की त्याला उष्माघाताचा धोका सुरू होतो. त्यामुळे उन्हाळ्यात त्याची जागा घरातल्या सर्वांत थंड खोलीत, कूलरच्या हवेत पण थेट झोतात नाही, अशी हवी. टिनाच्या छपराखाली तो एक दुपारही काढू शकणार नाही. कूलरने हवा दमट होते आणि उष्णतेत जिवाणू जोमात असतात, म्हणून याच दिवसांत ओल्या जागा सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलाव्यात. भाजीचे तुकडे दोन-तीन तासांत उचलावेत.

पावसाळ्यात या भागात बाराशे मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. झडीच्या दिवसांत काहीच वाळत नाही. तूस आणि गवत आषाढापूर्वी वाळवून, जाळीदार पोत्यांत भरून, जमिनीपासून उंच ठेवावे. बुरशी लागलेले, काळे पडलेले किंवा कुबट वासाचे गवत सरळ खताच्या खड्ड्यात टाकावे. बुरशीचे बीजाणू फुप्फुसात जातात. दमटपणात गजकर्णाची बुरशीही फोफावते. गिनीपिगच्या नाकाभोवती, डोळ्यांभोवती केस जाऊन खवले दिसले तर हातमोजे घालून हाताळावे, कारण ती मुलांच्या त्वचेवर सहज येते. पावसाळ्यातला सर्वांत भयंकर धोका माश्यांचा. मागच्या भागाची फर मुताने भिजलेली राहिली की माश्या तिथे अंडी घालतात आणि दिवसभरात किडे पडतात. बैलाच्या जखमेत किडे पडलेले इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले आहेत. या छोट्या जिवाला ते एका रात्रीत संपवू शकतात. पावसाळाभर रोज त्याला उचलून मागची बाजू पाहावी आणि पिंजऱ्याला मच्छरदाणीची बारीक जाळी लावावी.

हिवाळा त्यामानाने सोपा. गवताचा थर वाढवावा, पण ऊब राहावी म्हणून पिंजरा चारी बाजूंनी प्लास्टिकने गुंडाळू नये. हवा कोंडली की अमोनियाही कोंडतो.

परळच्या झोपड्या आणि दोन फुटांची उंची

स्वच्छता पिंजऱ्याच्या आतच संपत नाही, हे शिकवणारा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झाला आणि तो गिनीपिगांवरच. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तो पसरतो कसा, हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. घाणीतून, हवेतून, मलमूत्रातून, असे तर्क चालत. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने काम सुरू केले. ग्लेन लिस्टन हे त्यातले एक संशोधक. संशोधकांनी तिथे लहान झोपड्या बांधल्या, त्यांत प्लेग झालेले प्राणी आणि उंदरांवरच्या पिसवा सोडल्या आणि गिनीपिग ठेवले.

जमिनीवर मोकळे फिरणारे गिनीपिग आजारी पडले. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातलेही पडले. दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले मात्र वाचले, कारण उंदरावरची पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. पिंजऱ्याभोवती चिकट कागदाचा पट्टा लावला तरी आतले प्राणी सुरक्षित राहिले. उलट पिसवा नसतील तिथे आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र, एकमेकांच्या मलमूत्राच्या संपर्कात ठेवले तरी साथ पसरली नाही. प्लेगच्या जिवाणूंनी दूषित केलेली शेणाने सारवलेली जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची जमीन २४ तासांनंतर रोग देऊ शकत नाही, हेही त्यांनी तपासले. गुन्हेगार पिसू होती आणि तिला घेऊन येणारा उंदीर.

त्या प्राण्यांच्या जिवावर मिळालेले हे ज्ञान आजही कामाचे आहे. पिंजरा चकचकीत असला आणि भोवती उंदीर फिरत असले तर तो स्वच्छ नाही. धान साठवणाऱ्या घरात उंदीर येणारच. ते गवतावर मुततात आणि त्यातून लेप्टोस्पायरासारखे जिवाणू प्राण्यापर्यंत व माणसापर्यंत पोहोचतात. सांडलेला दाणा उंदराला बोलावतो आणि उंदीर नागाला, मण्याराला. म्हणून पिंजरा जमिनीवर ठेवू नये, दोन-अडीच फूट उंच, भिंतीपासून थोडा सुटा ठेवावा. खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात आणि गवत उंदीर शिरणार नाही अशा जागी असावे. रात्री पिंजऱ्याखालची जागा झाडून घ्यावी.

झाडताना डोळे उघडे ठेवावेत

पिंजरा झाडणारा माणूसच या प्राण्याचा पहिला डॉक्टर असतो. गिनीपिग आजार लपवतो, कारण रानात दुबळे दिसणे म्हणजे शिकाऱ्याला आमंत्रण. पण अंथरूण लपवाछपवी करत नाही. लेंड्या लहान, कमी किंवा माळेसारख्या जोडलेल्या दिसल्या तर त्याचे खाणे घटले आहे. पातळ संडास ही तातडीची बाब आहे. लघवीत रक्त किंवा वाळूसारखी कचकच दिसली, मुतताना तो ओरडला, तर मूतखड्याची शंका घ्यावी. वाळलेली हलकी पांढरी भुकटी मात्र नेहमीची. आठवड्याच्या धुण्याच्या दिवशी त्याला तराजूवर ठेवून वजन वहीत लिहावे. वजनातली घट आजाराची खबर डोळ्यांआधी देते.

दिवसभर खाल्ले नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. घरातल्या माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिन गटातली औषधे पोटात गेली तर त्याच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि त्यात त्याचा जीव जाऊ शकतो. माणसाप्रमाणे गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते न मिळाल्यास सांधे दुखतात, तो हलत नाही, एकाच जागी मुतून भिजतो आणि अस्वच्छता वाढते. रोज थोडी ढोबळी मिरची, कोथिंबीर, आवळ्याची एखादी फाक द्यावी.

काढलेले अंथरूण कुठे जाते?

ते कचरा नाही. शाकाहारी प्राण्याच्या लेंड्या, लघवी पिऊन नत्र साठवलेले गवत आणि तूस यांचे उत्तम खत होते. गोठ्यातले भिजलेले अंथरूण खताच्या खड्ड्यात टाकायची रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे, तीच इथे लावायची. तूस सावकाश कुजते, म्हणून त्यात शेण आणि हिरवा पाला मिसळावा आणि खड्डा ओलसर ठेवावा. पिंजऱ्यात नको असलेला ओलावा खड्ड्यात हवा असतो, कारण तिथे जिवाणूंनी काम करावे अशीच आपली इच्छा असते. अंथरूण वेळेवर काढले तर जो नत्र अमोनिया होऊन प्राण्याच्या फुप्फुसात गेला असता, तो बराचसा वांग्या-मिरचीच्या मुळाशी जातो. आजारी प्राण्याचे अंथरूण मात्र खतात न घालता जाळावे.

गिनीपिग आणायचा विचार असेल तर त्याची किंमत दुकानात विचारली जाते तेवढीच नाही, हे मुलांना आधी सांगावे. रोजची दहा मिनिटे, आठवड्याचा एक तास, पावसाळ्यात रोजची तपासणी, उन्हाळ्यात थंड खोलीतली जागा आणि हे सारे पाच ते आठ वर्षे. मुले परीक्षेत गुंतली, गावाला गेली तरी त्या दिवशीचे ओले अंथरूण काढायला घरातल्या एका मोठ्या माणसाने बांधील असले पाहिजे. तो माणूस कोण, हे नाव घेऊन ठरले असेल तरच हा जीव घरी आणावा. तो आपली तक्रार बोलून दाखवू शकत नाही, म्हणून त्याच्या जागेला हात लावून ती कोरडी आहे की नाही हे रोज पाहणे आपल्याकडे येते.